‘सुलभ’ की ‘सुगम्य’?

प्रश्न : संकेतस्थळ किंवा मोबाइल ॲप दिव्यांग व्यक्तींनाही वापरता येते, या अर्थाने आमच्या ग्रामपंचायतीच्या पत्रकात कोणता शब्द लिहावा? (दारव्हा तालुका, यवतमाळ)

उत्तर : ‘सुगम्य’ लिहावे. ‘सुलभ’मध्ये लभ् म्हणजे मिळणे हा धातू आहे; जे सहज मिळते, सोपे असते, ते सुलभ. पडद्यावर चारच मोठी बटणे असलेले ॲप डोळस माणसाला सुलभ वाटेल, परंतु त्या बटणांना नावे जोडलेली नसतील तर टॉकबॅक हा अँड्रॉइड फोनवरील पडदावाचक, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी सोय, प्रत्येक ठिकाणी नुसते ‘बटण’ एवढेच उच्चारतो. बाजारभावाच्या एका ॲपविषयी आमच्याकडील अंध शेतकरी म्हणाले होते, ‘बटन हाये म्हणते, पण कायचं हाये थे सांगत नाही.’ दोन शब्दांतील अंतर याहून नेमके मला मांडता येणार नाही.

गम् धातूला जाणे आणि कळणे असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणूनच मराठीत ‘मला त्यात गम्य नाही’ असे आपण म्हणतो आणि न उमगणाऱ्या गोष्टीला ‘अगम्य’ ठरवतो. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मानकाची जाणवणे, हाताळता येणे, समजणे आणि विविध साधनांवर टिकणे ही चार तत्त्वे पाहिली, तर त्यांपैकी बरेच काही या एका धातूत सामावते. शिवाय ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानामुळे हा शब्द शासकीय व्यवहारात रुळलेला आहे.

प्रतिसाद : गावातील किती जणांना ‘सुगम्य’ कळेल? ‘वापरायला सोपे’ का नको?

उत्तर : शंका रास्त आहे, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘सुगम्य, म्हणजे दिव्यांगांनाही स्वतः वापरता येणारे’ असे लिहावे. मात्र ‘सोपे’ हे मत आहे, तर सुगम्यतेचे अनेक निकष मोजता येतात : डब्ल्यूसीएजीच्या एए या मधल्या पातळीवर साध्या आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांतील उठाव (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा लागतो. आपले पत्रक स्कॅन केलेले चित्र असेल, तर पडदावाचकाला त्यात मजकूर सापडत नाही. ते युनिकोडमध्ये टंकलिखित करावे. संकेतस्थळावरील पानाची भाषाही ‘मराठी’ अशीच नोंदवावी, कारण तेथे ‘हिंदी’ राहिल्यास तोच मजकूर हिंदी आवाजात वाचला जाऊ शकतो आणि ‘चूल’सारख्या शब्दांचे उच्चार बिघडतात.