मदत हवी आहे: जुना राउटर पडवीत लावलाय, वायफाय दिसतं पण नेट येत नाही

पडवीतली_मी:
मंडळी, दोन दिवस डोकं फोडून झालं, आता इथे विचारते.

देवरुखजवळ गावी आमचं जुनं चिरेबंदी घर आहे. मे महिनाभर मी इथूनच काम करणार. फायबरचा डबा ओटीवर. पण ओटीवर दिवसभर टीव्ही आणि बाबांकडे माणसांची ये-जा, म्हणून मी बसते मागच्या पडवीत. मधे माजघर आणि जांभ्याच्या दोन भिंती, एकेक दीड फुटाची. पडवीत रेंजची एक काडी येते, तीही माजघराचं दार उघडं असेल तर.

ठाण्याच्या घरी टीपी-लिंकचा जुना ८४१एन पडून होता, तो आणला. दोन अँटेनांचा, सेटिंगचं पान हिरवं असतं तो. आधी डब्ल्यूडीएस (राउटर राउटरला वायफायनेच जोडायची सोय) लावून बिनवायरचा जोडला. प्लॅन ४० एमबीपीएसचा, पडवीत मिळायचे ४-५. मग देवरुखहून २० मीटर कॅट ५ई वायर आणली आणि आतूनच वाशांच्या कडेने पडवीपर्यंत फिरवली.

ओटीवरच्या डब्यातून आलेली वायर जुन्या राउटरच्या निळ्या पोर्टात घातली. लगेच नेट सुरू, ३८ चा वेग! पण पडवीतल्या मोबाइलवरून टीव्हीवर काही लावता येईना, ओटीवरचा प्रिंटर लॅपटॉपला दिसेना. कुठेतरी वाचलं की जुन्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आपोआप आयपी पत्ता वाटायचं काम, बंद करायचं असतं. केलं. तेव्हापासून वायफायचं नाव दिसतं, पासवर्ड घेतो, आणि ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ वर नुसता फिरत बसतो. आता तर १९२.१६८.०.१ चं पानही उघडत नाही.

राउटर गेला का? आई म्हणते देवघरात ठेव, तिथून सगळीकडे पोचेल. मी त्या पायरीला आलेय.

टर्मिनल_आजोबा:
ओपनडब्ल्यूआरटी टाका, राउटरवर चालणारी मोफत प्रणाली. सुटला प्रश्न.

क्रिंपिंगवाला:
आजोबा, इथे नको. जुन्या ८४१ मधे ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम. एवढ्याशा जागेत बसणारी ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही शेवटची मालिका, तिचीही देखभाल २०२२ मधे थांबली. गावी बसून आहे तो राउटरही घालवायचा उद्योग कशाला?

ताई, राउटर ठणठणीत आहे. निळं पोर्ट म्हणजे वॅन, बाहेरून नेट आत घ्यायचं; पिवळी म्हणजे लॅन, घरातल्या यंत्रांची. त्यात वायर घातली की राउटर आपला संसार वेगळा मांडतो. ओटीवर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते, पडवीत १९२.१६८.० ने. एका घरात दोन चुली. नेट दोन्हीकडे येतं, पण या चुलीवरच्या मोबाइलला त्या चुलीवरचा टीव्ही सापडत नाही. तुम्ही डीएचसीपी बंद केलंत म्हणजे पडवीतली चूल विझवलीत, पण ओटीवरचं ताट इकडे यायची वाट उघडलीच नाही, कारण वायर अजून निळ्यातच. मोबाइल उपाशी, त्याला पत्ता द्यायला कोणीच नाही. पान उघडत नाही तेही त्याचमुळे.

आता ओटीकडची वायर काढून बाजूला ठेवा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि दुसऱ्या वायरने तो कुठल्याही पिवळ्या पोर्टाला जोडा. लॅपटॉपला हाताने पत्ता द्या: १९२.१६८.०.५०, मास्क २५५.२५५.२५५.०. पान उघडेल. तिथे नेटवर्क, मग लॅन, आणि राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. त्याआधी ओटीवरचा डबा कुठपासून पत्ते वाटतो ते बघून ठेवा. २ पासून वाटत असेल तर ते वाटप १० पासून सुरू करा, नाहीतर उद्या एखाद्या मोबाइललाही तोच पत्ता जाईल आणि भांडण लागेल. राउटर बंद होऊन चालू होईल. डीएचसीपी बंद आहे ते तसंच राहू दे. मग ओटीकडची वायर निळ्यात नाही, पिवळ्यात. निळ्यावर चिकटपट्टी मारा, घरातलं कोणीतरी हमखास परत तिथेच खुपसतं.

लॅपटॉपचा पत्ता परत आपोआपवर आणा. हे विसरून मी एकदा तासभर नव्या वायरीवर संशय घेत बसलो होतो.

पोर्टं १०० एमबीपीएसची आहेत, तुमच्या प्लॅनला भरपूर. वायफायच्या सुरक्षेच्या पानावर डब्ल्यूपीए२ आणि एईएस हे पर्याय ठेवा, टीकेआयपी या जुन्या पर्यायावर राहिलात तर ५४ एमबीपीएसच्या वर जोडणीच होत नाही. ओटीवर वायफायचा चॅनल १ असेल तर पडवीत ६ किंवा ११, म्हणजे दोघे एकमेकांच्या आड येणार नाहीत.

पडवीतली_मी:
दोन चुली वाचून मोठ्याने हसले, आईने विचारलं काय झालं.

झालं! टीव्ही सापडला, प्रिंटर सापडला. पहिल्या फेरीत पान उघडलं नाही, कारण लॅपटॉपचं वायफाय चालूच ठेवलं होतं. तुम्ही लिहिलं होतंत, मीच वाचताना घाई केली. पण वेग मात्र ११-१२ च्या वर जाईना. मग लक्षात आलं, मी राउटर ठेवलाय तांदळाच्या पत्र्याच्या कोठीमागे. दिसायला नको म्हणून. उचलून खुंटीला टांगला, ३६.

आंबेघाट_उतार:
वायर आतून नेलीत ते उत्तम. तरी वळवाचा गडगडाट सुरू झाला की दोन्ही अॅडॉप्टर आणि ही वायर काढून ठेवत जा. तारेवरून येणाऱ्या झटक्याला जुना-नवा कळत नाही. गेल्या वर्षी आमचा टीव्ही आणि डबा एकाच दुपारी गेले.

पडवीतली_मी:
काढत जाईन. शेवटचं एक: दोन्हीकडे एकच नाव आणि पासवर्ड ठेवलाय, तरी ओटीवरून पडवीत आले की मोबाइल ओटीवरच्यालाच चिकटून राहतो, त्या एका काडीवर.

क्रिंपिंगवाला:
कधी सोडायचं ते मोबाइल ठरवतो, राउटर नाही. ओटीवरच्या डब्याची ट्रान्समिट पॉवर, म्हणजे वायफायचा जोर, कमी करता येत असेल तर मध्यमवर आणा. नाहीतर सरळ पडवीला वेगळं नाव द्या आणि लॅपटॉपला तेवढंच लक्षात ठेवायला लावा.

पडवीतली_मी:
वेगळं नाव दिलं: ‘पडवी’. आज सकाळची मीटिंग एकदाही न गोठता पार पडली. बाबा दुपारी मोबाइल घेऊन इकडे आले, म्हणाले ओटीवर फार गर्दी आहे. पासवर्ड अजून सांगितलेला नाही.