खिमा पास्ता हवा आहे: एक शेगडी, चार माणसं, तीनशे रुपये

वाकडचा_भाडेकरू:
नमस्कार मंडळी. आम्ही चौघे मित्र भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. स्वयंपाकाच्या मावशींना रविवारी सुट्टी, त्यामुळे त्या रात्रीचं जेवण माझ्या गळ्यात. गेल्या रविवारी हौसेने चिकन खिमा घालून पास्ता करायला गेलो आणि फजिती झाली. खिम्याला इतकं पाणी सुटलं की तो परतला न जाता उकडूनच निघाला, पांढुरका आणि बेचव. मग सगळं आंबट लागलं म्हणून दूध ओतलं, तर ते फाटलं. पास्त्याचा लगदा झाला तो वेगळाच. संपला मात्र सगळा, कारण रात्रीचे अकरा वाजले होते.

घरात एक इंडक्शन, पाच लिटरचा कुकर, सपाट बुडाची लोखंडी कढई आणि किसणी आहे. मिक्सर बंद पडलाय. मटण खिमा परवडत नाही, चीज नसलं तरी चालेल. आणि कृपया ‘मीठ चवीनुसार’ असं लिहू नका, मला ती चव कळत असती तर धागा काढला नसता.

शेंगदाणा_कूट:
टोमॅटो किती घातले होते? आणि शिजलेला पास्ता गार पाण्याखाली धरला होता का?

वाकडचा_भाडेकरू:
सहा टोमॅटो. आणि हो, धुतला. शेवया मोकळ्या राहाव्यात म्हणून आई तसंच करते.

खमंग_काकू:
शेवयांचा उपमा वेगळा रे बाबा. पास्ता धुतला की वरचा चिकटपणा जातो आणि मग रस्सा त्याला धरतच नाही, ताटात पास्ता एकीकडे आणि पाणी एकीकडे.

पण तुझी खरी गडबड खिम्याशीच झाली आहे. दुकानातच सांगायचं की मांडीचं मांस दे, आधी धू आणि मग खिमा कर. घरी आणून खिमा धुतला तर चाळणीत कितीही वेळ ठेव, पाणी धरूनच राहतो. छातीचा खिमा कोरडा होतो, भुशासारखा लागतो.

कढई चांगली तापू दे, धूर दिसायला लागला की दोन मोठे चमचे तेल. अर्धा किलो खिमा एकदम टाकू नकोस, त्याने कढई गार पडते आणि पाणी सुटतं. दोन वाटण्या कर. पहिली वाटणी पसरून टाक आणि तीन मिनिटं उलथन्याला हात लावू नकोस. तुम्ही मुलं सारखं ढवळत बसता ना, तिथेच सगळं बिघडतं. खालून तांबूस झाला की उलट, मोड, आणखी चार मिनिटं. काढून ठेव, दुसरी वाटणी तशीच. यात वीस मिनिटं जातील, ती जाऊ देत. बाकी सगळं त्यानंतर कुकर करतो.

आता महत्त्वाचं. टोमॅटो लोखंडी कढईत शिजवू नकोस, आंबटामुळे रस्सा काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते. कढईत अर्धी वाटी गरम पाणी घालून चिकटलेलं खरवडून घे, सगळी चव तिथे असते, आणि ते लगेच वाटीत ओतून ठेव.

कुकरमध्ये थोडं तेल, दोन बारीक चिरलेले कांदे, एक किसलेलं गाजर, सहा पाकळ्या लसूण, अर्धा चमचा मिरपूड, एक चमचा लाल तिखट. कांदा मऊ झाला की तीन टोमॅटो, सहा नाही. मिक्सर नको, टोमॅटो अर्धा कापून किसणीवर घास, साल हातात राहतं. गाजराने आंबटपणा मोडतो, तरी लागला तर चिमूटभर साखर. तेल सुटलं की खिमा आणि ते खरवडलेलं पाणी. मीठ दोन छोटे सपाट चमचे (घे, मोजून सांगितलं). मग साडेतीनशे ग्रॅम कच्चा पास्ता आणि तो जेमतेम बुडेल इतकं गरम पाणी. झाकण लावण्याआधी बूड एकदा खरवडून घे, नाहीतर करपेल. मध्यम आचेवर एक शिट्टी, बंद, आणि वाफ सावकाश स्वतः सोड. आपोआप निवायला ठेवलास तर पुन्हा लगदा. उघडल्यावर पातळ दिसेल, झाकण न लावता दोन मिनिटं ढवळ, आळतो.

पेने नाहीतर मॅकरोनी घे. स्पॅगेटी कुकरमध्ये गठ्ठा होऊन बसते. आणि कुकर अर्ध्याच्या वर भरू नकोस, पास्त्याचा फेस शिट्टीत चढतो.

शेंगदाणा_कूट:
काकूंना +१. पाकीट घेताना मागची बाजू वाचा. मैद्याचा स्वस्त पास्ता एका शिट्टीत विरघळतो. ड्यूरम गव्हाचा रवा लिहिलेलं घ्या. आपला बन्सी गहू त्याच जातीचा, म्हणून बन्सी रव्याचा उपमाही मोकळा होतो.

तोरिनोतला_देशपांडे:
दूध फाटलं म्हणून मन खट्टू करू नका, कल्पना चुकीची नव्हती. १९८२ साली इटालियन पाककला अकादमीने बोलोन्या शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये तिथल्या ‘रागू’ची, म्हणजे खिम्याच्या रश्श्याची, कृती रीतसर नोंदवली, तिच्यात पेलाभर दूध आहे. पण ३०० ग्रॅम मांसाला टोमॅटो सॉस फक्त पाच चमचे. तुमच्या सहा टोमॅटोंत पेलाभर दूध ओतल्यावर ते पनीरच होणार. शिवाय ते रागू मंद आचेवर दोन तास शिजतं आणि रुंद पट्ट्यांच्या ‘तालियातेल्ले’बरोबर खातात. स्पॅगेटी बोलोनेज मागितलं तर तिथली माणसं फार दयाळूपणे बघतात. कुकरच्या शिट्टीबद्दल मी इथे कुणाला सांगणार नाही.

म्हापशेकर:
हांव सांगतां, खिमा सोडा. गोव्याहून कोणी येत असेल तर चोरिसांची, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजची, माळ मागवा, म्हापशाच्या बाजारात लटकलेल्या असतात. साल काढून मंद आचेवर टाका, त्याचीच चरबी सुटते, त्यात कांदा आणि शिजलेला पास्ता. तेल नको, मीठ नको, तिखट नको, व्हिनेगर आत असतंच. पाव किलोत चौघे जेवतात. डुकराचं चालत असेल तरच, अर्थात.

आळशी_सुगरण:
पैसे वाचवायचे असतील तर पाव किलो खिमा आणि पाऊण वाटी शिजवलेले मसूर. मसूर टोमॅटोत आधी पडले तर बोटचेपे व्हायला वेळ लागतो, म्हणून वेगळे शिजवून घाला. माझ्या नवऱ्याला अजून कळलेलं नाही.

तिरकस_तात्या:
वर्णन वाचून एवढंच कळलं की या खिम्याच्या चकोल्या आहेत. आमच्या सोलापूरला यासाठी इटलीला जावं लागत नाही.

खमंग_काकू:
तात्या, चकोल्या वाईट असतात का?

तिरकस_तात्या:
तसं कुठे म्हणालो? वर तूप सोडा, एवढंच सुचवतोय.

वाकडचा_भाडेकरू:
काल केला. खिमा १९०, पास्ता ७५, भाजी पन्नासच्या आत. पहिल्या वाटणीला दुसऱ्याच मिनिटाला ढवळलं, राहवलं नाही, ती पुन्हा उकडली. दुसरी मात्र तांबूस, कडेने कुरकुरीत, तेवढी रूममेटने कढईतूनच खाऊन टाकली. शिट्टी एक, पास्ता अख्खा. मीठ अगदी किंचित कमी वाटलं, पण काकूंवर केस करणार नाही. तात्यांच्या सांगण्यावरून तूप सोडलं आणि खरंच, मिरपुडीबरोबर छान लागलं.

पुढच्या रविवारी मसूर. घरात कोणाला सांगणार नाहीये.