‘एकदा रडल्या की मोकळ्या होतात’ हा सल्ला देऊ नका

दोरीवर्तुळ:
काल इथे एका लेखात सल्ला होता: अत्याचार सोसलेल्या मुलींकडून पहिल्याच दिवशी तो प्रसंग नाटकासारखा करून घ्या, रडल्या की मोकळ्या होतात. वाचून गप्प बसवेना. आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली सावरण्याचे तीन टप्पे मांडले. त्यात आधी सुरक्षितता येते, आठवणींना हात घालणं त्यानंतर. रेने एमुना यांच्या नाट्योपचाराच्या पाच टप्प्यांतही सुरुवात निव्वळ खेळाने होते.

गट सहा ते आठ जणींचा ठेवा. मार्गदर्शक दोन हवेत, म्हणजे एखादी उठून बाहेर गेली तर तिच्यामागे कोणीतरी जाऊ शकेल. दाराला कडी नको, दिवे पूर्ण लावलेले हवेत. प्रत्येकीला चार मीटर दोरी द्या, ती तिने स्वतःभोवती मांडायची. समोरची सावकाश चालत येते, आतली ‘थांब’ म्हणते. बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. पण अनेकींची दोरी इतकी आत ओढलेली असते की जेमतेम पावलं मावतात, आणि समोरचीचा पाय दोरीवर आला तरी आवाज फुटत नाही. मग आधी नुसता हात वर करायचा, शब्द पुढच्या आठवड्यात.

तिसरी घंटा:
पहिल्या दिवशी नको, एवढं मान्य. पण तुमच्यासारखे लोक दोरीतच सहा महिने काढतात. मोरेनोंच्या मनोनाट्याचं, म्हणजे स्वतःचा प्रसंग गटासमोर करून पाहण्याच्या उपचाराचं, बळच हे की तेव्हा जे बोलता आलं नाही, ते आता बोलता येतं. नाट्योपचारतज्ज्ञ रॉबर्ट लँडी भूमिकेपासूनच्या अंतराबद्दल सांगतात: फार जवळ गेलं तर माणूस वाहून जातो, फार दूर राहिलं तर काही हलतच नाही. तुम्ही त्यांना कायम दूर ठेवता. याला काळजी म्हणत नाहीत, ही तुमची स्वतःची भीती आहे.

अनवाणी:
भीती कोणाची ते राहू द्या. नृत्याच्या नावाखाली काय चालतं ते बघा. मोठ्याने ठेका लावून पाऊण तास नाचवतात. धाप, धडधड, घाम: घबराटीचा झटका येतो तेव्हाही शरीर हेच करतं. ‘डोळे मिटा, जमिनीवर आडवं व्हा’ असंही सर्रास सांगतात. सुरुवात बसून, डोळे उघडे ठेवून, तळपाय जमिनीवर दाबून करा. नजर गोठली, श्वास अडला, उत्तर उशिरा येऊ लागलं, की थांबा आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. नृत्योपचाराच्या प्रवर्तक मॅरियन चेस यांचं प्रतिबिंबन, म्हणजे समोरचीच्या हालचालींना आपल्या हालचालीतून दिलेला प्रतिसाद, नक्कल नव्हे, तिची लय आणि जोर आपल्या अंगात घेऊन तिला परत देणं आहे.

आणि नृत्याने आघात बरा होतो याचा पुरावा म्हणून २०१४ चा तो दहा आठवड्यांचा, ६४ स्त्रियांचा अभ्यास पुढे करू नका. तो योगाचा होता.

तिसरी घंटा:
पुराव्याचं ठीक. पण शेवटी लोकांसमोरचा नाट्यप्रयोग तरी ठेवाल ना? कोणीतरी आपल्याला पाहिलं, ऐकलं, यातच अर्धा उपचार आहे.

दोरीवर्तुळ:
पाहणारं कोण? देणगीदार, पाहुणे, मोबाइल वर केलेले हात! गटात ‘सगळ्या तयार ना?’ विचारून मिळते ती संमती नव्हे. एकेकीला वेगळं विचारा, आठवड्याने पुन्हा विचारा. प्रयोगाच्या सकाळीही ती ‘नाही’ म्हणू शकली पाहिजे, म्हणून कोणताही प्रसंग एकीवर उभा करू नका. गोष्ट काल्पनिकच हवी.

तिसरी घंटा:
मुलींनाच प्रयोग हवा असतो, हे तुम्ही ऐकूनच घेत नाही! त्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

अनवाणी:
हवा असेल तर व्हावा. प्रेक्षक दहा-पंधराच, तेही मुलींनी निवडलेले. चित्रीकरण नाही. आणि प्रयोगानंतर किमान दोन सत्रं ठेवाच. टाळ्या थांबल्यावर येणारी पोकळी तिने एकटीने का झेलायची?

दोरीवर्तुळ:
या अटी पाळणार असाल तर प्रयोगाला माझा विरोध नाही. रिकाम्या खुर्चीलाही नाही, म्हणजे तो माणूस खुर्चीत बसलाय असं मानून तिच्याशी बोलण्याला, पण अत्याचार करणाऱ्याच्या खुर्चीत मुलीला बसवायचं नाही, आणि घरी परतल्यावर तोच माणूस समोर येणार असेल तर हा प्रसंग घ्यायचाच नाही. संपल्यावर भूमिकेसाठी घेतलेली ओढणी काढायची, हात झटकायचे, स्वतःचं नाव आणि आजची तारीख मोठ्याने म्हणायची.

तिसरी घंटा:
आणि खुर्चीचं राहिलं. ती तशीच मधोमध सोडून सगळे निघून जातात. ती उचलून भिंतीशी न्या, आणि मार्गदर्शकाने तिच्यावर बसून चपला घालाव्यात, मुलींच्या देखत.