डेटाबेस अडकला की लगेच रीस्टार्ट? माझा तरी विरोध आहे

खटपट्या
हा वाद आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी उकरून निघतो म्हणून इथे टाकतोय. अ‍ॅप हँग झालं की कोणीतरी म्हणणारच, "सर्व्हिस रीस्टार्ट मार ना". अरे पण बघा तरी आधी काय झालंय ते. पोस्टग्रेस डेटाबेसमधे पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी (चालू कनेक्शनं दाखवणारा व्ह्यू) उघडली की बऱ्याचदा एखादं सेशन (एक कनेक्शन) 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' होऊन बसलेलं दिसतं, म्हणजे बिगिन करून ट्रान्झॅक्शन सुरू केलं, एक अपडेट मारला, त्याने ती रो लॉक झाली (दुसऱ्या कोणाला बदलता येत नाही), आणि कमिट करून ते न संपवताच अ‍ॅप कुठल्यातरी बाहेरच्या एपीआयची वाट बघत बसलंय. अडकलेल्या सेशनला कोणी अडवलंय ते पीजी_ब्लॉकिंग_पिड्स सांगतं. तेवढं एक उडवा, बाकीचे सुटतात. (पीजी_कॅन्सल_बॅकएंडने तिथे काही होत नाही बरं का, कॅन्सल करायला क्वेरी चालूच नसते, टर्मिनेटच लागतं, म्हणजे सेशनच तोडायचं.)

रात्रपाळी
निवांत बसून लिहायला बरं आहे हे. रात्री अलर्ट वाजतो, 100 ची कनेक्शन लिमिट भरलेली असते, लॉगिनच होत नाही, मग व्ह्यू कुठून उघडू? वर फोनवर मॅनेजर. रीस्टार्टने साइट उठते ना? मग झालं, कारण सकाळी शोधू.

खटपट्या
सकाळी शोधणार कशात? लॉक कोणी धरलं होतं ते रीस्टार्टबरोबर गेलं. आणि सुपरयूजरसाठी (सगळे अधिकार असलेला यूजर) 3 कनेक्शनं डीफॉल्ट राखीव असतात, ती असल्याच वेळेसाठी आहेत.

रात्रपाळी
अ‍ॅपच सुपरयूजरने लॉगिन करतं आमच्याकडे, तीही खाऊन टाकतं. मी नाही केलेलं ते, हसू नका.

बफरपूल
पोस्टग्रेसवाल्यांना रोलबॅक (अर्धवट बदल रद्द करणं) जवळपास फुकट पडतो म्हणून रात्रपाळींचं चालून जातं. मायएसक्यूएलवर करून बघा. कोणीतरी लाखो रो एकाच डिलीटमधे उडवायला घेतल्या, सगळं तुंबलं, तुम्ही रीस्टार्ट केलं, तर इनोडीबी (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) वर आल्यावर तो अर्धवट डिलीट बॅकग्राउंडला उलटा फिरवत बसतं आणि तोवर त्या रो लॉकच. मग लोक घाबरून परत रीस्टार्ट करतात, धन्य. त्यात कॅशे थंड, बंद होताना बफर पूलच्या (मेमरीतल्या कॅशेच्या) पानांची यादी लिहून ठेवतं खरं पण डीफॉल्टला 25 टक्केच, बाकी सगळं पुन्हा डिस्कवरून.

शंकासुर
दोघांचं पटतं पण एक केस राहिली. लांबलचक रिपोर्टची सिलेक्ट चालू आहे, त्यावर कोणी मायग्रेशनमधून (टेबलची रचना बदलणारी स्क्रिप्ट) ऑल्टर टेबल मारलं. ऑल्टरला अ‍ॅक्सेस एक्स्क्लुझिव्ह लॉक (ते असताना दुसरं कोणी टेबल वाचूही शकत नाही) हवं म्हणून ते थांबतं, आणि त्याच्यानंतर आलेल्या साध्या सिलेक्टही त्याच्यामागे रांगेत. इथे लोक रिपोर्टवाल्याला मारतात, मारायचं ऑल्टरला! मायग्रेशनच्या आधी लॉक_टाइमआउट 2 सेकंद लावला की ऑल्टर आपोआप फेल होतं, नंतर परत चालवा.

रात्रपाळी
टाइमआउट टाइमआउट सगळे म्हणतात. आयडल इन ट्रान्झॅक्शनचा टाइमआउट डीफॉल्ट 0, म्हणजे बंदच. तो 5 मिनिटं करायचा म्हटलं की डेव्हलपर अंगावर येतात, त्यांचा रात्रीचा जॉब मधेच तुटतो म्हणे. माझ्या हातात रीस्टार्टचं बटण सोडून दुसरं दिलंय काय?

बफरपूल
बटण तरी दाबता, एक जण ओएसवरून एका बॅकएंडला (एका सेशनची प्रोसेस) किल -9 मारायचा, म्हणजे जबरदस्तीने बंद करायचा, आणि पोस्टग्रेस मग सगळीच सेशनं तोडून रिकव्हरीला जातं.

खटपट्या
@रात्रपाळी, सगळ्या सर्व्हरला कशाला लावताय? ऑल्टर रोलने (रोल म्हणजे लॉगिनचा यूजर) अ‍ॅपच्या रोलला 5 मिनिटं लावा, जॉबचा रोल वेगळा करा, त्याला काय हवं ते द्या. आणि ते सुपरयूजरचं आधी काढा बाबा, त्याला तरी डेव्हलपरांची परवानगी लागत नसावी.

रात्रपाळी
लागते. कनेक्शन स्ट्रिंग (कुठल्या यूजरने लॉगिन करायचं ते त्यात असतं) त्यांच्या कोडमधे आहे.