पहिल्यांदाच कंप्युटर जोडूलालोय, कोटेशन बघून सांगा की (दुकानात टायपिंगची सॉफ्टवेअर नुडी आणि श्रीलिपी दोन्ही लागतंय)

खानापूरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात बीसीए करूलालोय. काकांचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान हाय, लग्नपत्रिका, बॅनर, अर्ज, सगळं मराठी कन्नड दोन्हीत. जुना कंप्युटर विंडोज ७ चा, ३२ बिट, कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायला टाकलं की गिऱ्हाईक चहा पिऊन परत येतंय तरी उघडत न्हाई. काका म्हणाले तू शिकलाईस न्हवं, तूच जोड. बजेट ४० हजारच्या आत, मॉनिटर हाय जुना.

बेळगावातल्या एका दुकानातनं कोटेशन आणलंय: रायझन ५ ५६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम (एकच पट्टी), ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, आणि कॅबिनेट एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) सकट. ग्राफिक कार्ड लागत न्हाई म्हणाला तो, आणि विंडोज ५०० रुपयात टाकून देतो म्हणालाय. माझा मावसभाऊ पुण्यात असतोय तो म्हणतोय विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स मिंट टाक, कशाला पैसे घालवतोस. काका म्हणतात विंडोज १० च पाहिजे, हाताला बसलंय. मला तर काहीच सुचेना झालंय. आणि एक, जुनी हार्डडिस्क तशीच काढून नव्यात लावली तर चालतंय काय? त्यात श्रीलिपी, पेजमेकर, सगळ्या जुन्या पत्रिका हायत.

---

टिळकवाडी_रिपेअर

भावा थांब, ते कोटेशन तसंच उचलू नको. ५६०० ला आतलं ग्राफिक्स नसतंय, नुसतं ५६०० घेऊन कार्ड लावलं न्हाईस तर पंखे फिरतील, लाईट लागतील खरं मॉनिटरवर काळोख. तुला पाहिजे ५६००जी, शेवटी जी असलेला. त्यात वेगा ७ ग्राफिक्स आतच येतंय, कोरल आणि फोटोशॉपला भरपूर झालं. इंटेलकडं जायचं ठरवलंस तर तिथं उलटं, आय३ १२१०० ला डिस्प्ले येतोय आणि शेवटी एफ असलेल्या १२१००एफ ला येत न्हाई, ते एफवाले थोडे स्वस्त दिसतात म्हणून लोक फसतात.

बोर्डाचं पण बघ. बी४५० आला २०१८ ला, ५००० सिरीज (हे ५६००, ५६००जी) त्याच्या नंतरची, म्हणजे बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) जुना असला तर प्रोसेसर ओळखणारच न्हाई. दुकानदाराला सांग बायोस अपडेट करून, माझ्यासमोर डिस्प्ले आणून दाखवून दे. न्हाईतर ए५२० किंवा बी५५० घे, खोक्यावर रायझन ५००० चालतो असं स्टिकर असतंय ते बघून.

रॅम एक पट्टी १६ ची घेऊ नको, ८ च्या दोन घे. ५६००जी चं ग्राफिक्स रॅममधनंच वाटा खातंय, एक पट्टी असली की रॅमकडं जायचा रस्ता निम्मा होतोय आणि सगळं जड वाटतंय. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडनं मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवायच्या, बोर्डाच्या पुस्तकात पण तेच लिहिलेलं असतंय. चालू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी लाव, न्हाईतर ३२०० ची रॅम कमी स्पीडवरच पळत बसत्या आणि कुणाला पत्ता पण लागत न्हाई. आता रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासनं चढलेत, त्यामुळं डीडीआर५ च्या नादाला या बजेटात लागू नको, डीडीआर४ वालं एएम४ (रायझन ५००० चं सॉकेट) च बरं. एसएसडी पण जेन ४ ची (जास्त स्पीडची) महाग घ्यायची गरज न्हाई, ५६००जी जेन ३ च्या वर देतच न्हाई.

कॅबिनेटबरोबर येणारा एसएमपीएस मात्र परत दे त्याला. ४५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ, नावाजलेल्या कंपनीचा, वेगळा घे. तिथं वाचवलेले पैसे मदरबोर्ड जळला की व्याजासकट जातात.

---

निपाणीची_डीटीपीवाली

वरच्या दादांनी हार्डवेअर सांगितलंच आहे, पण मला वाटतं तुम्ही उलट्या टोकानं सुरू केलंय. दुकानात रोज काय उघडतं ते आधी कागदावर लिहा, विंडोज की लिनक्स ते त्यावरनंच ठरतं. मीही हेच काम करते, मराठी कन्नड दोन्ही.

श्रीलिपी लॉकवाली आहे का? म्हणजे मागं यूएसबीला किंवा प्रिंटरच्या जुन्या पोर्टला डोंगल लावता का? असेल तर हे नीट वाचा. नव्या मशीनवर टाकायचं ते विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत. साधा प्रोग्राम ३२ बिटचा असला तर बहुतेक वेळा चालून जातो, पण लॉकचा ड्रायव्हर जुना असेल तर लॉक ओळखणारच नाही आणि लॉक नाही म्हणजे श्रीलिपी नाही. कंपनीला फोन करून तुमच्या व्हर्जनला ६४ बिटचा ड्रायव्हर आहे का ते आधी विचारा, मग पैसे मोजा. आणि प्रिंटरच्या पोर्टचं लॉक असेल तर नव्या बोर्डांवर ते पोर्टच बहुधा नसतं.

नुडीचं एवढं टेन्शन नाही, कर्नाटक सरकारचं आहे, फुकट मिळतं, विंडोजवर बसतं. लिनक्सवर नुडी नाही पण त्याचाच कगप कीबोर्ड (कळांची तीच मांडणी) असतो, युनिकोडमध्ये कन्नड टाइप होतं. मराठीलाही अडचण नाही. घोडं अडतं ते जुन्या फाइलींवर. श्रीलिपीच्या आणि जुन्या नुडीच्या फॉन्टमध्ये केलेलं काम युनिकोड नसतं, फॉन्ट नसला की सगळी अक्षरं किडेमकोडे दिसतात. आणि कोरल लिनक्सवर चालत नाही. इंकस्केप आहे, देवनागरी व्यवस्थित दाखवतं, पण छापखानेवाला कोरलची सीडीआर फाइलच मागतो हो, त्याला काय सांगणार? त्यामुळं मावसभावाला म्हणावं तुझं बरोबर आहे, पण आमच्या दुकानाला नाही. सेवा सिंधूचे (कर्नाटक सरकारच्या पोर्टलचे) अर्ज, जमिनीचे उतारे ही ब्राउझरमधली कामं मिंटवर होतील, तेवढ्यावर दुकान चालत असतं तर मीही मिंटच टाकलं असतं.

काकांना सांगा, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनला जादा सिक्युरिटी अपडेट मिळतात ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, नव्या मशीनवर ते टाकण्यात अर्थ नाही.

५०० वालं विंडोज घेऊ नका. गिऱ्हाइकांची आधार कार्डं, बँक पासबुकं त्या मशीनवर स्कॅन होतात, चोरीच्या विंडोजबरोबर आत काय काय येतं कुणाला माहीत. लायसन्स लगेच परवडत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरनं घेऊन तसंच टाका, कोपऱ्यात ॲक्टिव्हेट करा म्हणून पाणचिन्ह येतं, वॉलपेपर बदलता येत नाही, बाकी चालतं. पण दुकान आहे, पुढं विकत घ्यावंच लागेल. तेव्हा ओईएम लायसन्स स्वस्त असतं पण त्या बोर्डाला बांधलेलं, बोर्ड गेला की ते पण गेलं. रिटेल दुसऱ्या मशीनवर नेता येतं.

---

अनगोळचे_काका

बाळ, सगळे प्रोसेसरवर बोलूलालेत, दुकानात अर्थिंग हाय काय ते कुणीच विचारीना. जुन्या वायरिंगमध्ये थ्री पिनचा वरचा होल नुसता शोभेला असतोय. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात ते बॉडीला जोडलेले, अर्थ नसला की बॉडीवर अंदाजे निम्मा व्होल्टेज येऊन बसतोय. करंट अगदी बारीक, खरं पावसाळ्यात ओल्या पायानं कॅबिनेटला हात लावलास की झिणझिण्या. माणूस सहन करतोय, यूएसबीचे पोर्ट करत न्हाईत. खानापूरचा पाऊस काय सांगायचा तुला. वायरमनला बोलावून आधी ते करून घे, दोन पिनच्या एक्स्टेन्शनवर तर अजिबात लावू नको.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरे, कार्ड नसलेलं मशीन आणि मॉनिटर आरामात धरतोय. त्याच्यावर झेरॉक्स मशीन आणि लेझर प्रिंटर मात्र लावायचं न्हाई, आतला हीटर चालू होताना जोरात ओढतोय, यूपीएस तिथंच बसला म्हणून समज.

---

खानापूरचा_पोरगा

बापरे, बरं झालं विचारलो. लॉक यूएसबीचं हाय, हिरवं. उद्या फोन करतो कंपनीला. दुकानदाराला ५६००जी, ए५२०, दोन पट्ट्या सांगितलो, बोर्ड स्वस्त झाला म्हणून एसएमपीएस वेगळा घेऊन पण हिशोब जवळजवळ तेवढाच येतोय. खरं जुन्या हार्डडिस्कचं कुणी सांगितलं न्हाई. आणि मला कॉलेजच्या अभ्यासाला लिनक्स पाहिजेच हाय, दोन्ही एकात टाकू काय?

---

टिळकवाडी_रिपेअर

जुनी डिस्क बूट करायला लावू नको, ते विंडोज ७ नव्या बोर्डाचे यूएसबी पण ओळखणार न्हाई, माऊस हलणार न्हाई. नव्या विंडोजमध्ये दुसरी डिस्क म्हणून लाव, पत्रिका कॉपी करून घे, आणि लगेच एक कॉपी बाहेरच्या ड्राइव्हवर. लॉकचं उत्तर नाही आलं तर जुना डबा नेट काढून कोपऱ्यात ठेव, पेजमेकर श्रीलिपी त्यावरच, काढायचं ते पीडीएफ करून पेनड्राइव्हनं इकडं.

लिनक्स दुकानाच्या एसएसडीवर नको, काका बूट मेनू बघून घाबरतील. २४० जीबीची साधी साटा एसएसडी वेगळी घे, विंडोज टाकताना ती काढून ठेव, नंतर लावून त्यावर मिंट. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट हायत, तुझं बीसीए आरामात होतंय. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतंय, बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधलं टीपीएम) चालू हाय काय ते आधीच बघून घे. आणि मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन केलंस तर डिस्क आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होऊ शकते, ती रिकव्हरी की कागदावर लिहून काकांच्या गल्ल्यात टाक, बायोस अपडेट केलास की तीच मागतंय.

---

निपाणीची_डीटीपीवाली

कंपनीनं लॉकबद्दल काय सांगितलं ते इथं टाका हं, माझंही हिरवंच आहे.