नुसत्या तापमान-आर्द्रतेवर भागणार नाही

बसस्टॉपवर लोकांना उन्हाचा किती त्रास होतो हे मोजायचं, तर एक सूचना अशी आहे की वेधशाळेचं तापमान-आर्द्रता घ्यायची आणि बसस्टॉपवरच्या लोकांना ‘कसं वाटतंय’ विचारायचं. पण स्टॉपवरचा माणूस भाजतो तो थेट उन्हाने आणि डांबराच्या झळांनी. हवेचं तापमान उन्हात आणि शेडखाली जवळपास सारखंच येतं. त्यामुळे गोल-तापमापी हवाच, म्हणजे पोकळ गोळ्याच्या आत सेन्सर; गोळा ऊन आणि झळा शोषून तापतो, तेही त्यात मोजलं जातं.

प्रमाणित काळा गोल १५० मिमीचा. तो स्थिरावायला २० मिनिटं घेतो, तोवर ढग येऊन जातो. त्यापेक्षा ४० मिमीचा पिंगपाँग बॉल घ्या, बरोबर मधोमध सेन्सर बसवा आणि बाहेरून मॅट करडा रंग द्या. काळा दिलात तर ऊन कपड्यांपेक्षा जास्त शोषलं जाऊन आकडा फुगतो. छोट्या गोलाची खोड एकच: वाऱ्याची झुळूक आली की त्याचं तापमान लगेच उतरतं. म्हणून वाऱ्याचा वेग शेजारीच, १.१ मीटर उंचीवर मोजा; तो चुकला की विकिरण-तापमानाचं (म्हणजे ऊन आणि झळा मिळून अंगावर किती उष्णता येते, त्या आकड्याचं) सगळं गणित झोपतं.

प्रश्नावलीत ‘गरम वाटतंय का’बरोबर ‘याहून गार हवं, की असंच चालेल’ हेही विचारा. दोन्हींची उत्तरं जुळतीलच असं नाही. आणि एसी बसमधून नुकताच उतरलेला माणूस वेगळा नोंदवा, त्याला पहिली काही मिनिटं तसाही गारवाच असतो.