‘टूल’ला साधन म्हणावे की अवजार?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात शेतकरी गटाच्या कापूस-तुरीच्या विक्रीच्या नोंदी आम्ही संगणकावर घेतल्या आहेत. एआय सहायकाला त्या मराठीतून विचारता याव्यात म्हणून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील एका लायब्ररीच्या आधारे एमसीपी सर्व्हर, म्हणजे सहायकाला या नोंदींशी जोडणारा प्रोग्रॅम, लिहीत आहोत. गटातील मुलांसाठी टिपण करताना ‘टूल’ला (सहायकाला चालवता येणारे काम) साधन आणि ‘रिसोर्स’ला (सहायकाला वाचायला दिलेली माहिती) संसाधन असे लिहिले, तर मुलांना दोन्ही एकच वाटले. शिवाय ‘लायब्ररी’ला ग्रंथालय म्हणावे काय? जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर : भाऊ, आपल्याकडे साधन म्हटले की आधी वाहन आठवते, ‘जायला साधन भेटलं नाही’ हे वाक्य बसथांब्यावर रोज कानावर पडते. म्हणून माझे मत ‘अवजार’ या शब्दाला आहे, आणि त्यामागे अर्थाचेही कारण आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने खुला केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजेच एमसीपीमध्ये, टूल केव्हा वापरायचे हे मॉडेल, म्हणजे सहायकामागची एआय प्रणाली, ठरवते, रिसोर्स केव्हा जोडायचा हे त्या मॉडेलला चालवणारे ॲप ठरवते आणि प्रॉम्प्ट, म्हणजे आधीच लिहून ठेवलेली सूचना, वापरणारा माणूस स्वतः निवडतो. पेरणीपूर्वी वखर, पेरायला तिफण, उभ्या कपाशीत डवरा, ही निवड जशी कामावरून होते, तशीच मॉडेल टूलचे नाव आणि वर्णन वाचून निवड करते. रिसोर्स मात्र वाचण्यापुरता असतो. त्याला ‘संदर्भसाहित्य’ म्हटल्यास गोंधळ उरणार नाही.

दुसरे उत्तर : ‘अवजार’ मलाही पटते. ‘ग्रंथालय’ मात्र नको, कारण तेथून पुस्तक आणून वाचायचे असते, तर ही लायब्ररी आपल्या प्रोग्रॅममध्ये शिरून स्वतः काम करते : सहायकाकडून जेएसओएन-आरपीसी २.० या संदेश लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीने आलेला संदेश उलगडते, त्यातील माहिती तपासते, आपले फंक्शन, म्हणजे टूलचे काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, चालवते आणि उत्तर परत पाठवते. या शब्दाचा इतिहास येथे उपयोगी पडतो. केंब्रिज येथे १९४९ साली सुरू झालेल्या एडसॅक संगणकासाठी वारंवार लागणारे प्रोग्रॅमचे तुकडे छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर जपून ठेवले जात आणि लागेल तो तुकडा आपल्या प्रोग्रॅमच्या फितीवर उतरवून घेतला जाई. त्या साठ्यालाच लायब्ररी म्हणत. तेव्हा मूळ कल्पना संग्रहाची आहे, ग्रंथांची नाही. मी ‘लायब्ररी’ हाच शब्द ठेवीन आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘तयार कोडचा संग्रह’ असे लिहीन.

तिसरे उत्तर : लायब्ररी आणि सर्व्हर यांतील फरकही टिपणात यावा, कारण नवशिके तेथेच अडतात. सर्व्हर ही कृषी अवजारे बँक मानली, तर लायब्ररी म्हणजे ती बँक उभारण्याचे तयार सामान होय. अवजारे कोणती ठेवायची हे गटानेच ठरवायचे असते.

प्रश्नकर्ता : आपणा सर्वांचा आभारी आहे. ‘अवजार’ स्वीकारले आहे. आमची लायब्ररी फंक्शनखालचे स्पष्टीकरणाचे वाक्य उचलून तेच अवजाराचे वर्णन म्हणून मॉडेलपुढे ठेवते. म्हणून ‘भाव सांगते’ एवढेच असलेले वाक्य आज असे बदलले : ‘गटाने दिलेल्या तारखेला विकलेल्या कापसाचा प्रतिक्विंटल भाव रुपयांत सांगते, तुरीसाठी वापरू नये.’